परदेशी पोपट आणण्याआधी घराचा उन्हाळा मोजा

कोन्युअर या परदेशी पोपटाचं पिल्लू हौसेने हिवाळ्यात घरी येतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात गेला की पिंजरा कुठे ठेवावा हेच सुचत नाही. म्हणून पैसे देण्याआधी एवढं कराच.

१. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. पिंजऱ्याच्या ठरवलेल्या जागी, त्याच उंचीवर, भर उन्हाळ्यात आठवडाभर टांगा आणि रोज रात्री कमाल आकडा लिहून ठेवा. वर थेट गच्ची किंवा पत्रे असतील तर रात्री दहाचा आकडाही बघा. तापलेला स्लॅब लवकर निवत नाही.

२. एक दिवस कूलर बंद ठेवून मोजा. दुपारी वीज गेली तर पाखराला तेवढंच सोसावं लागणार आहे. पारा ३५ च्या वर जात असेल तर ती जागा बाद. उकाड्याने हैराण झालेला पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकतो, पंख अंगापासून लांब धरतो. तिथवर वेळ येऊच देऊ नका.

३. जवळच्या पशुवैद्यांना फोन करून ‘पक्षी तपासता का?’ एवढंच विचारा. गुरांचे डॉक्टर गावोगाव भेटतात, पक्ष्यांचे नाही. सोय नसेल तर बेत पुढे ढकला. सन कोन्युअर वीस वर्षांहून जास्त जगू शकतो.

सावधान: आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सन कोन्युअर, आफ्रिकन ग्रे या परदेशी पोपटांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. विक्रेत्याकडे कागद नसतील तर घेऊ नका.