घरच्या घरी चहाची पारख कशी करावी

सुट्या चहाची टी-बॅगशी तुलना करायला बसलेला माणूस बहुधा सुरुवातीलाच चुकतो, कारण तो माप चमच्याने घेतो. चमचाभर डस्ट, म्हणजे चहाची बारीक भुकटी, आणि चमचाभर दार्जिलिंगची लांब पत्ती डोळ्यांना सारखीच दिसते. प्रत्यक्षात डस्ट चमच्यात ठासून बसते आणि पत्तीच्या सुरळ्यांमध्ये बरीचशी हवाच असते. माझ्या काट्यावर पहिली जवळजवळ तीन ग्रॅम भरली आणि दुसरी जेमतेम दीड. मग एक चहा ‘कडक’ आणि दुसरा ‘पाणचट’ ठरला, तर तो दोष पत्तीचा नसतो.

त्यामुळे सर्वांत आधी 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा मिळवावा. घरात एक-एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाराच काटा असेल, तर एका चहाचे दहा सपाट चमचे एकदम मोजून दहाने भागावे आणि तो आकडा त्या डब्यावर लिहून ठेवावा. टी-बॅगेचे वजन खोक्यावरूनच काढता येते: 100 पिशव्या आणि निव्वळ वजन 200 ग्रॅम, म्हणजे पिशवीत दोन ग्रॅम चहा. हे प्रमाण सोयीचे आहे, कारण चाखण्यासाठी चहा कसा करावा याचे आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानकही 100 मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे असेच सांगते. (ज्या ब्रिटिश मानकावरून ते आले, त्याच्या सहा पानांना 1999 साली साहित्याचे इग नोबेल, म्हणजे थट्टेचे नोबेल मिळाले, पण थट्टा बाजूला ठेवली तर पद्धत चोख आहे.)

एका बैठकीला चारपेक्षा अधिक चहा घेऊ नयेत. पाचव्या कपापर्यंत जिभेवर तुरटपणा साचतो आणि सगळे सारखेच लागू लागते. पहिल्या बैठकीसाठी एकाच कंपनीचा सुटा आसाम चहा आणि त्याच नावाची टी-बॅग, शिवाय एक आसामची ऑर्थोडॉक्स पत्ती आणि एक दार्जिलिंग अशी निवड करावी. आपण ज्याला ममरी म्हणतो तो दाणेदार चहा सीटीसी पद्धतीचा असतो: दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून त्याचे दाणे वळले जातात. 1930च्या दशकात आसामात सुरू झालेल्या या पद्धतीमुळे रंग आणि कडकपणा पाण्यात झटकन उतरतो. ऑर्थोडॉक्स चहात पान नुसते वळले जाते, म्हणून तो सावकाश सुटतो आणि त्याचा सुगंध अधिक टिकतो. डस्ट या नावावरून तो कारखान्यातला केर असावा असा अनेकांचा समज असतो, परंतु डस्ट किंवा बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको, म्हणजे तुटक्या पानांची प्रत) ही नावे मुख्यतः दाण्याचा आकार सांगतात. चांगल्या पानांची डस्ट चांगली असते आणि वाईट पानांची लांब पत्तीही वाईटच असते.

कप पांढरे, चिनी मातीचे आणि एकाच मापाचे असावेत; स्टीलच्या पेल्यात चहाचा रंग कळत नाही. झाकायला बश्या पुरतात. पाणी सर्व कपांना एकाच भांड्यातले, नुकतेच खळखळून उकळलेले असावे. बोअरचे जड पाणी वापरल्यास चहावर तेलकट दिसणारी साय धरते आणि रंग मळकट होतो. तो दोष चहाच्या माथी मारू नये. पुण्यात पाणी सुमारे 98 अंशांवर उकळते आणि महाबळेश्वरला 95-96 अंशांवर, त्यामुळे सहलीला गेल्यावर केलेली तुलना घरच्या वहीत मिसळू नये. ग्रीन टी मात्र या रांगेत ठेवूच नये, कारण उकळत्या पाण्याने तो कडवट होतो. त्याची बैठक 80 अंशांच्या आसपासच्या पाण्याने वेगळी करावी.

आता पिशवीचा प्रश्न. पिशवीतला चहा फिका लागतो तो कागदामुळे की आतल्या मालामुळे, हे ठरवायला तीन कप लागतात. पहिल्यात अख्खी टी-बॅग, दुसऱ्यात तशीच एक पिशवी कात्रीने कापून मोकळा केलेला चहा आणि तिसऱ्यात काट्यावर मोजलेला दोन ग्रॅम सुटा चहा घालावा. काटा शून्यावर आणून प्रत्येक कपात 100 ग्रॅम पाणी ओतावे, दोन कपांमध्ये अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवावे आणि गाळतानाही तोच क्रम पाळावा. एक फेरी दोन मिनिटांची आणि दुसरी सहा मिनिटांची करावी. पहिल्या आणि दुसऱ्या कपांतला फरक तेवढा कागदाचा. तो दोन मिनिटांना ठळक असतो आणि सहा मिनिटांपर्यंत बराच मिटतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कपांतला फरक मालाचा. घाईत पिशवी दोनदा बुडवून बाहेर काढणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा.

गाळल्यावर लगेच चव घेऊ नये. आधी ओला चोथा बशीत उलटा करून त्याचा वास घ्यावा. चहाचा खरा स्वभाव तिथे लवकर कळतो. मग चमच्यात थोडा चहा घेऊन जोरात भुरका मारावा. बशीतून भुरके मारणाऱ्या आजोबांना घरात बोलणी खावी लागत असतील, पण व्यावसायिक चहापारखीही तेच करतात: भुरक्याबरोबर हवा आत जाते आणि सुगंध घशामागून नाकापर्यंत पोहोचतो. कडवट आणि तुरट यांत गल्लत करू नये. कडवटपणा ही चव आहे, तर तुरटपणा म्हणजे कच्चे केळे खाल्ल्यावर हिरड्यांना जाणवतो तो कोरडेपणा. चहा निवत असताना पुन्हा एकदा चाखावा. दमदार आसाम चहा गार होताना गढुळतो, आणि ते बहुधा चांगलेच लक्षण असते.

वहीत ‘छान’ असे लिहू नये. धुरकट, गवताळ, मधासारखा, कुबट असे काहीतरी लिहावे. मी एका टी-बॅगेपुढे ‘लवंगेची छटा, उत्तम’ असे मोठ्या ऐटीत लिहिले होते, आणि चार दिवसांनी लक्षात आले की ते खोके मसाल्याच्या डब्याला टेकून ठेवले होते. चहा शेजारचा वास ओढून घेतो, आणि कागदी खोक्यातला तर फारच.

महाग चहा चांगलाच लागणार, हा ग्रह घालवण्यासाठी कपांच्या तळाशी आकडे चिकटवून घरातल्या दुसऱ्या कोणाला त्यांची जागा बदलायला सांगावे. अधिक कडक कसोटी अशी: तीन कपांपैकी दोन सारखे आणि एक वेगळा ठेवून वेगळा कोणता ते ओळखावे. एकदा ओळखणे हे तीनात एक नशीब आहे. सहापैकी पाच वेळा ओळखता आला, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता शंभरात दोनांहूनही कमी असते.

दुधाची फेरी शेवटी, पण ती टाळू नये, कारण आपल्यापैकी बहुतेकांना पुढे चहा तसाच प्यायचा असतो. दुधातले केसीन हे प्रथिन चहातला तुरटपणा बांधून टाकते, म्हणून कोरा असताना बोचणारी ममरी दुधात गोलाईने लागते आणि दार्जिलिंग मात्र बिचारे हरवून जाते. प्रत्येक चहा 150 मिलिलिटर पाण्यात चार ग्रॅम या मापाने दोन मिनिटे उकळून त्यात 50 मिलिलिटर गरम दूध घालावे. आले, वेलची आणि साखर या फेरीत नको. तिथे टिकलेल्या चहापुढे कपाचा खर्चही लिहावा: किलोला 500 रुपयांची ममरी चार ग्रॅमना दोन रुपये पडते, तर दीडशे रुपयांना 100 पिशव्या असतील तर तेवढ्याच चहासाठी दोन पिशव्या, म्हणजे तीन रुपये लागतात.