मराठी शोधप्रबंधाची भाषा: या चुका टाळा

मराठीत शोधप्रबंध लिहिणाऱ्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती ऱ्हस्व-दीर्घाची, आणि प्रबंध सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांची धावपळ चालते ती मुद्रितशोधक मिळवण्यासाठी. शुद्धलेखनाचे महत्त्व कोणीच नाकारणार नाही. मात्र ज्या भाषिक उणिवांमुळे प्रबंधाची खरी हानी होते, त्या बहुतेक वेळा मुद्रितशोधकाच्या हातून सुधारण्याजोग्या नसतात, कारण त्या लेखनाच्या पहिल्या खर्ड्यातच शिरलेल्या असतात. हे काम कोणी केले, ही संज्ञा कोणत्या अर्थाने वापरली आणि हे वाक्य नेमके कोणाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे वाचकाला मजकुरातूनच मिळाली पाहिजेत. ती जिथे मिळत नाहीत तिथे भाषा चुकली, असे खुशाल समजावे.

पहिली चूक ‘करण्यात आले’ची. ‘सर्वेक्षण करण्यात आले, माहिती संकलित करण्यात आली, तिचे विश्लेषण करण्यात आले व निष्कर्ष काढण्यात आले’ हा थाट शासकीय परिपत्रकांतून आपल्या प्रबंधांत आला आहे आणि तो वस्तुनिष्ठ वाटतो म्हणून टिकून आहे. प्रत्यक्षात त्यात कर्ताच नाहीसा होतो. सर्वेक्षण संशोधकाने स्वतः केले, की मदतनीसांकडून करून घेतले, की दुसऱ्या कोणाच्या अहवालातून उचलले, हे परीक्षकाला कळायला मार्ग उरत नाही. ‘कुटुंबप्रमुखांच्या मुलाखती संशोधकाने स्वतः घेतल्या, गावाच्या लोकसंख्येचे आकडे मात्र २०११ च्या जनगणनेतून घेतले आहेत’ असे लिहिले की शंकेला जागा राहत नाही. स्वतःचा उल्लेख ‘मी’ असा करावा की ‘प्रस्तुत संशोधक’ असा, हे विद्यापीठाच्या आणि विषयाच्या प्रथेनुसार ठरवावे व शेवटपर्यंत पाळावे. एकट्याने लिहिलेल्या प्रबंधात ‘आम्ही’ मात्र नको. त्यातून नसलेले सहकारी उभे राहतात.

याच्या जोडीला ‘ज्यामध्ये’ येते. ‘या गावाची निवड केली, ज्यामध्ये १२० कुटुंबे समाविष्ट आहेत’ ही रचना मराठीची नाही. ‘१२० कुटुंबांचे हे गाव निवडले’ एवढ्याने काम भागते. वाक्य लांब असायला हरकत नाही. मराठीत जो-तो, जेव्हा-तेव्हा यांच्या आधारे लांब वाक्य उत्तम पेलते, फक्त क्रियापदापर्यंत पोहोचताना वाचकाला कर्ता आठवावा लागू नये.

दुसरी चूक संज्ञांची, आणि हिला मी सर्वांत गंभीर मानतो. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये ही शाळेतल्या निबंधाची शिकवण प्रबंधात घातक ठरते. पहिल्या प्रकरणात ‘परिकल्पना’, तिसऱ्यात ‘गृहीतक’ आणि पाचव्यात ‘गृहीतकृत्य’ असे लिहिले, तर वाचक तीन वेगळ्या गोष्टी शोधत बसतो. त्यातही शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत गृहीतक म्हणजे आधीच मान्य करून चाललेली गोष्ट, जी तपासायची नसते, आणि परिकल्पना म्हणजे जी तपासायची असते ती. अशा प्रबंधात ‘गृहीतकाचा स्वीकार करण्यात आला’ असे वाक्य आले तर संशोधनाची मांडणीच उलटी होते. तीच गत ‘सार्थक’ आणि ‘लक्षणीय’ यांची. संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरलेला फरक सार्थक असतो. तो आकाराने लहानही असू शकतो. त्याला लक्षणीय म्हटले की वाचक त्याला मोठा समजतो. ‘सिद्ध झाले’ हा शब्दप्रयोग तर शंभर विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीवरून करूच नये. ‘दिसून आले’, ‘सूचित होते’ अशी मापाची क्रियापदे मराठीत भरपूर आहेत. संज्ञा निवडताना भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आधी पाहावेत. कोशातला शब्द पटला नाही तर दुसरा घ्यावा, पण तो पहिल्या प्रकरणात अर्थासह नोंदवावा आणि मग बदलू नये.

तिसरी चूक अवतरणांची. मराठीचे आजचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘त्यांनीं हें काम केलें नाहीं’ असे अनुस्वार सर्रास दिसतात. अनेक विद्यार्थी असा उतारा घेताना तो ‘शुद्ध’ करून टाकतात. असे कदापि करू नये. त्या लेखनात ‘काम केलें’ आणि ‘उद्योग केले’ यांतला नपुंसकलिंगी एकवचन व पुल्लिंगी अनेकवचन हा भेद अनुस्वारावर उभा होता; अनुस्वार काढला की लेखकाने दिलेली माहितीच पुसली जाते. अवतरण जसेच्या तसे द्यावे. मोडी कागदाचे लिप्यंतर करताना अडचण वेगळी असते: मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा दाखवत नाहीत, तेव्हा देवनागरीत आपण कोणती पद्धत ठेवली ते प्रास्ताविकातच सांगून टाकावे. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे वर्ष शालिवाहन शकाचे असेल तर तेही तपासावे. शके १८०५ म्हणजे इ. स. १८८३-८४, शकात ७८ मिळवायचे आणि वर्षाच्या अखेरच्या अडीच-तीन महिन्यांसाठी ७९.

इंग्रजी परिच्छेद भाषांतरित करून श्रेय न देणे हेही वाङ्मयचौर्यच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून प्रबंधातला मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साम्य-अहवालातला आकडा कमी आला की अनेकांना हायसे वाटते. परंतु ते सॉफ्टवेअर शब्द जुळवून पाहते आणि भाषांतरात शब्दच बदललेले असतात. विषय जाणणाऱ्या परीक्षकाच्या नजरेतून मात्र ते सुटत नाही.

तळटीपांतील ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’) हा आणखी एक सापळा. खर्ड्यावर हात फिरवताना मध्येच नवी तळटीप आली की तिच्याखालचे ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. म्हणून शेवटच्या प्रतीपर्यंत प्रत्येक तळटीपेत लेखकाचे आडनाव, ग्रंथाचे आखूड नाव व पृष्ठांक ठेवावेत आणि ‘तत्रैव’ अगदी अखेरीस घालावे. संदर्भसूचीत डॉ., प्रा., कै. ही उपपदे नकोत. संगणकाने लावलेल्या अकारानुक्रमात ‘क्ष’ हा ‘क’खाली आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’खाली जातो, वर्णमालेत मात्र ही दोन्ही अक्षरे शेवटी येतात, कोणताही एक क्रम धरावा. व्यक्तींच्या उल्लेखांतला एक भेदभाव मला फार खटकतो: पुरुष अभ्यासक ‘राजवाडे’ असतात आणि स्त्री अभ्यासक ‘इरावतीबाई’. नुसते ‘कर्वे’ लिहिल्यास घोटाळा होईल हे खरे, पण त्यावर उपाय ‘इरावती कर्वे’ हा आहे. आदरार्थी बहुवचन दोघांनाही सारखेच द्यावे.

शुद्धलेखनाबद्दल थोडक्यात. महत् + त्व म्हणून ‘महत्त्व’, तत् + त्व म्हणून ‘तत्त्व’; पण नेतृ + त्व म्हणून ‘नेतृत्व’. ‘तज्ज्ञ’ लिहावे, ‘तज्ञ’ नव्हे. ‘पद्धती’ दीर्घ, पण ‘पद्धतिशास्त्र’ ऱ्हस्व. ‘विद्यार्थी’ दीर्घ, पण ‘विद्यार्थिवर्ग’ ऱ्हस्व. ऋणनिर्देशात ‘साहाय्य’ आणि ‘सहायक’ असे हवे. ‘सहाय्य’ हे दोन्हींचे चुकीचे मिश्रण आहे.

शेवटी टंकलेखन. प्रबंध युनिकोडमध्येच टंकित करून घ्यावा, कारण जुन्या फाँटमधला मजकूर पीडीएफमधून उचलला की निरर्थक अक्षरे हाती येतात, आणि असा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला तरी त्यातला एकही शब्द शोधून सापडत नाही. अर्धा ‘ऱ’ विशेष काळजीने पाहावा. भूगोलाच्या प्रबंधात सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या तर डोंगराच्या जागी समुद्र येतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत तर माणसेच बदलतात. अंतिम पीडीएफमधले दोन-तीन परिच्छेद उचलून कोऱ्या पानावर चिकटवावेत, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द त्यात शोधून पाहावेत आणि ते जसेच्या तसे सापडले तरच प्रत छपाईला द्यावी.