हॉलच्या भिंतीवर डिजिटल चित्रं लावताय? या चुका टाळा

संक्रांतीचं हळदीकुंकू. हॉलमध्ये पंधरा बायका, भिंतीवरच्या स्क्रीनवर रविवर्म्यांचं चित्र, आणि ते सरकताच पुढे झळकला बाबांचा शुगरचा रिपोर्ट. वाण घ्यायला आलेल्या काकूंनी तिथंच मेथीदाण्याचा उपाय सुरू केला.

चूक माझी. फोनची अख्खी गॅलरी मी स्क्रीनला जोडून ठेवली होती. गॅलरीत आधार कार्डापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत काय नसतं? हॉलसाठी वेगळा अल्बम करा, फोटो स्वतः निवडून टाका आणि नवे फोटो आपोआप येण्याची सोय बंद ठेवा.

याहून मोठी चूक उशिरा कळली. चित्रांचं ॲप मी माझ्याच खात्यानं उघडलं होतं. मला कृष्णधवल छायाचित्रं आवडतात; मी लाइक करत गेलो, ॲप तेच आणखी दाखवत गेलं. आठवड्याभरात भिंतीवर रंगच उरला नाही. बाबा म्हणाले, "घरात सुतक आहे का बे?"

अशा सुचवण्या खात्याच्या मालकाची आवड बघून येतात. सोफ्यावर कोण बसलंय, हे ॲपला ठाऊक नसतं. म्हणून हॉलचं खातं निराळं काढा आणि त्यावर कुणीच लाइक करत बसू नका. आम्ही वार वाटून घेतले. सोमवार आईचा, मंगळवार मुलीचा. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते; तिनं काढलेले त्यातल्या पिवळ्या मारबतीचे फोटो दर मंगळवारी लागतात. बाबा कुरकुरतात, पण त्या निमित्तानं लहानपणच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या गोष्टीही सांगतात. ज्याला त्याला आवडीचंच दिसत राहिलं असतं, तर हे बोलणं झालं नसतं. माझी कृष्णधवल मंडळी आता माझ्या टेबलावरच्या छोट्या फ्रेममध्ये गेली. तिथं कुणाची हरकत नाही.

चित्र धूसर दिसतंय? बहुधा ते व्हॉट्सॲपवरून आलंय. तिथं फोटो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोर-के स्क्रीनला ३८४० बाय २१६० पिक्सेल लागतात. उभ्या चित्रातलं डोकं कापलं जात असेल, तर सेटिंगमध्ये 'फिल'ऐवजी 'फिट' करा. बाजूला काळ्या पट्ट्या दिसतील, चालतं. चित्रांसाठी पैसे मोजायलाच हवेत असं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास प्रतिमा सर्वांना मोकळ्या केल्या. रविवर्मा १९०६ मध्ये गेले. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो.

आता खास नागपुरी चूक. पश्चिमेची भिंत आणि समोर कूलर! मे महिन्यात बाहेर ४५ अंश, भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली, आणि बऱ्याच टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंशांच्या आसपास दिलेली असते. त्यात कूलरची ओली हवा थेट स्क्रीनवर. आमची स्क्रीन मधूनच बंद पडायची, आणि मी दोन वेळा उगाच मेकॅनिक बोलावला. कूलर खिडकी सोडून जाणार कुठं? शेवटी स्क्रीनच समोरच्या भिंतीवर नेली. आता ती स्वयंपाकघरातूनही दिसते, आणि आईनं बुधवारही मागितलाय.