आपल्याच डोळ्याचा पडदा ओळखावा कसा

डोळ्याविषयी वाचताना दृष्टिपटल, पीतबिंदू, अंधबिंदू हे शब्द पाठ होतात; पण यांपैकी एखादी जागा आपल्याच डोळ्यात दाखवा म्हटले, तर बहुतेकांचे बोट बुबुळाकडे जाते. आकृतीत नावे भरण्यापेक्षा एक कागद, एक टाचणी आणि थोडा संयम यांच्या साहाय्याने त्या जागा स्वतः शोधणे अधिक उपयोगाचे आहे.

आधी बाहेरची नावे थोडक्यात. सर्वांत पुढे पारदर्शक पारपटल, त्यामागे रंगीत बुबुळ, बुबुळाच्या मधले छिद्र म्हणजे बाहुली आणि बाहुलीमागे भिंग, असा क्रम असतो. बोलण्यात मात्र 'बुबुळ बसवले' असे म्हणणाऱ्याला बहुधा पारपटल अभिप्रेत असते, हे ध्यानात ठेवावे. मोतीबिंदू हा भिंगाचा विकार असून त्याचा पडद्याशी संबंध नाही. नेत्रगोलाच्या पोकळीत काचेसारखा स्वच्छ, घट्टसर द्रव असतो आणि त्यामागे आतल्या भिंतीला अस्तरासारखे लागून असते ते दृष्टिपटल, म्हणजेच आपल्या बोलण्यातला 'मागचा पडदा'.

सुरुवात अंधबिंदूपासून करावी, कारण तो हमखास सापडतो. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढावी आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटर अंतरावर साधारण १ सेंटिमीटर व्यासाचा काळा ठिपका भरावा. डावा डोळा हाताने झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे टक लावावी आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणावा. सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो आणि कागद आणखी जवळ आणला की पुन्हा दिसतो. प्रयोग फसला, तर नजर नकळत ठिपक्याकडे वळली असे समजावे. हे पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येकाचे होते. डाव्या डोळ्यासाठी उजवा डोळा झाकून ठिपक्याकडे पाहावे, म्हणजे फुली अदृश्य होते.

ठिपका गेला तेथे पडद्यावरील सुमारे १० लाखांहून अधिक चेतातंतू एकत्र येऊन डोळ्याची नस बनतात आणि मेंदूकडे निघतात. या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. पडद्यावर प्रतिमा उलटी पडत असल्याने उजवीकडचा ठिपका हरवतो याचा अर्थ नस पीतबिंदूपासून, म्हणजे थेट नजर जिथे पडते त्या पडद्याच्या मधल्या जागेपासून, नाकाच्या बाजूला आहे, असा होतो. फ्रान्समधील एदम मारिऑत यांनी १७व्या शतकात हा बिंदू दाखवून दिला. त्याआधी तो कोणाच्या लक्षात आला नाही याचे कारण पाहायचे असेल, तर ठिपक्यातून आरपार जाणारी एक आडवी रेघ ओढून प्रयोग पुन्हा करावा. ठिपका जातो, पण रेघ अखंड भासते, कारण उरलेली जागा मेंदू आजूबाजूच्या माहितीवरून भरून काढतो.

पडद्यावरील रक्तवाहिन्या पाहण्यासाठी जाड कागदाला टाचणीने छिद्र पाडावे, तो एका डोळ्याच्या अगदी जवळ धरावा आणि त्यातून संगणकाच्या पांढऱ्या पडद्याकडे पाहत कागद एक-दोन मिलिमीटर इतकाच भरभर हलवावा. सूर्याकडे मात्र कदापि पाहू नये. थोड्याच वेळात झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. आडवे हलवल्यास उभ्या फांद्या अधिक स्पष्ट होतात. रक्तवाहिन्या प्रकाशग्राही पेशींच्या पुढे असल्याने त्यांची सावली पडद्यावर सदैव पडलेलीच असते, पण स्थिर सावलीची दखल मेंदू घेत नाही. नक्षीच्या मध्यभागी एक मोकळी जागा राहते. ती पीतबिंदूच्या मधली खळगी, आणि आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, ते तिच्याच बळावर.

या खळगीत रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकाकृती पेशी दाटीने असतात. मंद प्रकाशात उपयोगी पडणाऱ्या दंडाकार पेशी तिच्या मध्यभागी नसतात. हिवाळ्यात रात्री, वीस-पंचवीस मिनिटे अंधारात थांबल्यानंतर, कृत्तिकांच्या किंचित बाजूला नजर ठेवल्यास थेट पाहण्यापेक्षा अधिक तारे दिसतात ते यामुळे. मधेच मोबाइल पाहिला, तर ही सवयलेली नजर गेलीच म्हणून समजावे.

आता याच शब्दांचा व्यवहारातील उपयोग. ५ मिलिमीटर चौकटींच्या कागदावर १० सेंटिमीटरचा चौकोन आखून मध्ये ठिपका द्यावा. वाचनाचा चष्मा लावून, ३० सेंटिमीटरवरून, एकेका डोळ्याने ठिपक्याकडे पाहावे. रेघा वाकड्या, तुटक किंवा पुसट दिसल्यास पीतबिंदूत बिघाडाची शंका घेऊन लवकर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. नैसर्गिक अंधबिंदू या चौकोनाच्या बाहेर पडतो, त्यामुळे आत दिसणारी रिकामी जागा 'अंधबिंदूच असेल' म्हणून सोडून देता येत नाही.

या घरगुती चाचणीत पडद्याच्या कडा तपासल्या जात नाहीत. तसेच मधुमेहात वर पाहिलेल्या त्या सूक्ष्म वाहिन्या पाझरू लागतात, तेव्हा नजर बराच काळ चांगली राहू शकते. म्हणून मधुमेहींनी थेंबांनी बाहुली मोठी करून होणारी पडद्याची तपासणी साधारणतः वर्षातून एकदा करून घ्यावी आणि त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये. एकाएकी काळ्या ठिपक्यांचा पाऊस, विजेसारख्या चमका, किंवा एका बाजूने सावली सरकत आल्यासारखे वाटणे ही पडदा फाटल्याची वा सुटल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.