उद्यानाचे आरक्षण वगळण्यास हरकत कशी घ्यावी

विकास आराखड्यात उद्यान किंवा मैदान म्हणून दाखवलेली जागा निवासी विभागात टाकण्याचा प्रस्ताव आला की परिसरातील रहिवासी सह्यांची मोहीम काढतात आणि नगरसेवकाला निवेदन देतात. त्याने वातावरण तापते, आणि ते तापावेही. परंतु महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार ज्याचा विचार प्रशासनाला करावाच लागतो, ती असते मुदतीत दाखल झालेली लेखी हरकत. ती कशी तयार करावी आणि तिच्या पलीकडे कशावर लक्ष ठेवावे, याविषयी हे टिपण आहे.

सर्वप्रथम जागा नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे ठरवावे. मोकळी आणि झाडांची दिसते म्हणून कोणतीही जागा कायद्याच्या दृष्टीने हरित ठरत नाही; ती एखाद्याची खासगी निवासी जमीन असू शकते, आणि तसे असल्यास पुढील मार्ग तिला लागू पडत नाही. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन नगररचना विभागाकडून झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात आहे याचे प्रमाणपत्र) आणि भाग नकाशा (आराखड्यातील तेवढ्या भागाचा नकाशा) घ्यावा, तसेच सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक पाहून मालकी कोणाची आहे याची खात्री करावी. आराखड्यातील आरक्षण, म्हणजे सार्वजनिक उपयोगासाठी राखलेली जागा (मग ती खासगी मालकीची का असेना), आणि एखाद्या गृहप्रकल्पाच्या रेखांकनात (लेआउटमध्ये) सोडलेली खुली जागा यांत गल्लत होऊ देऊ नये. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राच्या रेखांकनात किमान १० टक्के खुली जागा ठेवावी लागते. तिच्यावर बांधकाम होत असेल तर मंजूर रेखांकनाची प्रत घेऊन बांधकाम परवानगी विभागाकडे तक्रार करावी लागते. तो वेगळा विषय आहे.

आरक्षण असेल तर बदलाची सूचना कोणत्या कलमाखाली निघाली आहे ते वाचावे. शहराचा नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा कलम २६ खाली हरकती मागवल्या जातात आणि त्या वेळी सारे शहर जागे असते. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर इतकी टीका झाली की एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो रद्द करावा लागला आणि सुधारित प्रारूप पुढच्या वर्षी आले. मंजूर आराखड्यात एखाद-दुसऱ्या भूखंडापुरता केला जाणारा कलम ३७ चा फेरबदल मात्र गाजावाजा न होता पुढे सरकतो, कारण त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते. तिच्यावर हरकत घेण्याची मुदत सूचनेच्या दिनांकापासून एक महिना असते. पुष्कळदा सूचना दृष्टीस पडते तेव्हाच त्यातले दहा-बारा दिवस गेलेले असतात.

म्हणूनच सूचना निघाल्यावर माहितीच्या अधिकारावर विसंबू नये. त्या अर्जाला उत्तर देण्याची मुदतही ३० दिवसांची आहे. दोन्ही मुदती बरोबरच संपतात आणि हातात काहीच राहत नाही. प्रस्तावित फेरबदलाचा नकाशा कोणत्या कार्यालयात पाहण्यासाठी ठेवला आहे हे सूचनेतच लिहिलेले असते. तेथे स्वतः जाऊन आरक्षण क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा उतरवून घ्याव्यात. हरकत कोणाकडे द्यायची हेही तेथेच लिहिलेले असते. फेरबदल महापालिकेने प्रस्तावित केला असेल तर हरकत महापालिकेकडे द्यायची असते. शासनाने स्वतः सूचना काढली असेल तर बहुधा नगररचना विभागाच्या एखाद्या अधिकाऱ्याचे नाव त्यात असते, आणि अशा वेळी महापालिकेत जमा केलेली हरकत वाया जाते.

हरकतीचा मजकूर हा या कामाचा गाभा आहे. ‘आमच्या मुलांनी खेळायचे कुठे?’ हा प्रश्न रास्त असला तरी अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला तो एका ओळीत निकाली काढता येतो. जे मुद्दे खोडण्यासाठी त्याला कारण द्यावे लागेल, ते आधी लिहावेत. पहिले वाक्य साधारण असे असावे:

‘मौजे ——, सर्व्हे क्रमांक —— येथील उद्यान आरक्षण क्रमांक ——, क्षेत्र —— चौरस मीटर, वगळून सदर जमीन निवासी विभागात समाविष्ट करण्याच्या, दिनांक —— च्या सूचनेद्वारे प्रस्तावित केलेल्या फेरबदलास माझी हरकत असून, तिची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.’

कारणांमध्ये सर्वांत वजनदार मुद्दा कलम ३७ च्या शब्दांतच आहे. ज्या बदलाने विकास आराखड्याचे मूळ स्वरूप बदलत नाही, तोच बदल या कलमाखाली करता येतो. परिसरातील हे एकमेव उद्यान आरक्षण असेल, तर ते वगळल्याने त्या भागापुरता आराखडा बदलतो, हे नकाशासह दाखवावे. केंद्राच्या २०१४ च्या नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर खुली जागा असावी असे म्हटले आहे. आपल्या प्रभागाची लोकसंख्या आणि प्रत्यक्ष उपलब्ध उद्यानांचे क्षेत्र मांडून भागाकार करून दाखवावा. त्याच आकड्यांना जोडून असेही लिहावे की या फेरबदलाने रहिवासी वाढणार आहेत आणि खुली जागा घटणार आहे, म्हणजे एकाच निर्णयाने गरज वाढवून सोय काढून घेतली जात आहे. परवडणाऱ्या घरांचे कारण पुढे केले असेल तर घरांना विरोध करण्याच्या फंदात पडू नये; त्याच आराखड्यातील इतर कोणत्या जमिनींवर ती घरे होऊ शकतात याची विचारणा करावी. झाडांची यादी सोबत जोडावी, मात्र वृक्षतोडीवरील हरकत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाकडे स्वतंत्रपणे द्यावी लागते, हे विसरू नये.

पाचशे जणांनी सही केलेला एकच छापील नमुना देण्यापेक्षा पन्नास जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेल्या हरकती अधिक उपयोगी पडतात, कारण एकसारख्या मजकुराला एकच उत्तर देऊन सगळा गठ्ठा मिटवता येतो. प्रत्येक हरकत आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. अंतिम मंजुरी शासन देते, म्हणून एक प्रत मंत्रालयातील नगरविकास विभागाला आणि एक पुण्यातील नगररचना संचालकांना पाठवावी. सुनावणीचे पत्र आले की जावेच. बोलायला फार वेळ मिळत नाही, म्हणून लेखी म्हणणे नेऊन तेथेही पोच घ्यावी.

प्रकरण उच्च न्यायालयात न्यावे लागले तर हीच पोच कामी येते. रहिवाशांना असा दावा करण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न १९९१ मध्येच सुटला आहे: बंगळुरूच्या राजमहल विलास विस्तारातील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांचा हक्क मान्य करून ते वाटप रद्दच ठेवले.

हे सगळे सूचना निघाली तर. परंतु कोणाचीही हरकत न मागवता आरक्षण संपण्याचा एक मार्ग कलम १२७ मध्ये आहे, आणि माझ्या मते उद्यानांना खरा धोका तेथूनच आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक महापालिकेला ‘जमीन संपादित करा’ अशी नोटीस देऊ शकतो. नगररचना कार्यालयात आणि वकिलांत तिला सर्रास पर्चेस नोटीस म्हणतात. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते, म्हणजे संपते. यात मालकाला खलनायक ठरवणे अन्यायाचे आहे. त्याची जमीन वर्षानुवर्षे अडकून पडलेली असते आणि मोबदला मिळालेला नसतो. म्हणून रहिवाशांची मागणी ‘बांधू देऊ नका’ एवढीच न राहता ‘मोबदला द्या आणि जागा ताब्यात घ्या’ अशी असली पाहिजे. मोबदला रोख किंवा टीडीआरच्या (अन्यत्र वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) रूपाने देता येतो.

माहितीच्या अधिकाराचा खरा उपयोग येथे आहे, कारण येथे घाई नसते. अर्जात एकच विषय आणि १५० शब्द एवढी महाराष्ट्रातील मर्यादा आहे, ती पुरेशी आहे: सदर आरक्षणावर कलम १२७ ची नोटीस आली आहे काय, कोणत्या तारखेस आली आणि त्यावर भूसंपादनाची कोणती कार्यवाही झाली, एवढेच विचारावे. नोटीस आलेली असल्यास तारखेपासून २४ महिने मोजावेत, आणि महापालिकेचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच, आयुक्त व स्थायी समितीकडे त्या आरक्षण क्रमांकाच्या नावाने भूसंपादनाच्या तरतुदीची लेखी मागणी करावी. मार्चमध्ये मंजूर अंदाजपत्रकात तो क्रमांक दिसला नाही तर वाट न पाहता पुढचे पत्र द्यावे.