कोरल मिटलंय? आधी हातातली बाटली खाली ठेवा

खाऱ्या पाण्याच्या शोभेच्या टाकीतलं कोरल (जिवंत पोवळं) मिटलं, फिकं पडलं किंवा कडेने विरघळायला लागलं, की पहिला हात जातो तो औषधाच्या बाटलीकडे. तो मागे घ्या. माझी सगळी नोकरी रत्नागिरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. रक्त काढण्याआधीच पेशंटला चार गोळ्या देऊन मोकळं झालं की त्या रिपोर्टाला काय अर्थ राहतो, ते मी पुष्कळदा पाहिलंय. टाकीत औषध ओतलंत की तुमचाही नमुना बिघडला.

पहिला प्रश्न असा: एकाला झालंय की सगळ्यांना? सगळी कोरलं एकाच दिवशी मिटली असतील तर कारण पाण्यात, उजेडात किंवा विजेत शोधा. सगळ्या जातींना एका सकाळी रोग होत नाही. एकच जात मिटलीय आणि बाकीच्या मजेत आहेत, तर कीड, शेजारच्या कोरलचा डंख किंवा त्या जातीचा स्वभाव. टाकीच्या एकाच बाजूची कोरलं खंगत असतील तर तिथला प्रवाह आणि दिवा बघा.

दुसरा प्रश्न: मासे आणि गोगलगायी काय करतायत? मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर तोंड हलवत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडतोय. आणि मासे ठणठणीत, पण गोगलगायी काचेवरून गळून उताण्या पडल्यात, कोळंबी मेलीय, कोरलं मिटलीत, असं चित्र असेल तर माझा पहिला संशय पाण्यात उतरलेल्या तांबं या धातूवर असतो. मासे सोसतात तेवढ्या तांब्यात बिनकण्याचे प्राणी मरतात.

माझा भाचा मालवणात होमस्टे चालवतो. त्याने रिसेप्शनला टाकी ठेवलीय. त्याचा फोन आला, "मावशे, कोरलांक रोग इलो." नायट्रेट, फॉस्फेट, क्षारता (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद), सगळे आकडे त्याने वाचून दाखवले. सगळे ठीक. मी विचारलं, टॉप-अपचं, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी भरायचं, पाणी कुठलं घालतोस? तर पाहुण्यांसाठी नवीन बसवलेल्या आरओचं. हल्लीच्या बऱ्याच घरगुती आरओमध्ये पाणी गुणकारी व्हावं म्हणून तांब्याची कांडी असते, शिवाय चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं. माणसाला ते चालतं. टाकीतून मात्र वाफेबरोबर फक्त पाणी उडतं, तांबं मागे राहतं, आणि रोजच्या टॉप-अपबरोबर साठत जातं. मेंब्रेनमधून निघणारी नळी वेगळी काढून घेतली, पाणी थोडं थोडं करून बदललं, कार्बन (पाण्यातली घाण शोषणारा कोळसा) आणि धातू शोषणारा पॅड लावला. झोआ (बटणांसारखी झुबक्याने वाढणारी मऊ कोरलं) उघडल्या, एक लेदर (चामड्यासारखं मऊ कोरल) गेलं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर ही स्वस्तातली वस्तू आहे. टॉप-अपच्या पाण्याचा टीडीएस शून्याच्या जवळ हवा. पितळेची कळशी, तांब्याचा हंडा यातलंही पाणी नको. विहिरीच्या पाण्याचं तर नावच काढू नका.

आता मोजमाप. सुरुवात खारटपणापासून करा, कारण तो चुकला की पुढचे आकडे वाचण्यात अर्थ नाही. हवा दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावू नका, ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावा. आम्ही लॅबमध्ये मशीनला रोज सकाळी माहीत असलेला नमुना पाजायचो, ते काही हौस म्हणून नाही. तापमान २४ ते २७ अंश. क्षारता ७ ते ११ डीकेएच (क्षारतेचं एकक), आणि या मर्यादेतही ती रोज वरखाली होत असेल तर ते वाईटच. अमोनिया शून्य. एखादा आकडा भयंकर आला तर दुसऱ्या किटने किंवा ओळखीच्याच्या किटने पुन्हा तपासा. किटमधल्या रसायनाची तारीख उलटून गेलेली असते आणि माणूस टाकीवर इलाज करत बसतो.

नायट्रेट आणि फॉस्फेट यांच्याबद्दल उलटा गैरसमज आहे. ते शून्य आले की लोक खूश होतात. पण कोरल फिकं पडतंय आणि दोन्ही आकडे शून्य, तर ते उपाशी आहे. नायट्रेट २ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाखांत एवढे भाग) असू द्यावं. अतिस्वच्छ टाकीतच तपकिरी, बुडबुडे धरलेल्या तारांची डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशी जीवांची साय वाळूवर चढते. तेव्हा पाणी आणखी स्वच्छ करणं म्हणजे तिला आवतण.

पांढरं पडणं दोन प्रकारचं असतं, आणि ते ओळखता आलं की अर्धं निदान झालं. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, कोरलला बरंचसं अन्न आणि रंग तेच देतं. उष्णता किंवा उजेड अति झाला की कोरल त्या शैवालाला बाहेर काढतं. मांस जागेवर असतं, भिंगातून पाहिलं तर पारदर्शक दिसतं, तोंडं आणि शुंडके असतात. हे ब्लीचिंग. कारण दूर झालं तर यातून कोरल परत येतं. दुसऱ्या प्रकारात मांसच सुटून जातं, कडेने सोललं जातं आणि खाली उघडा सांगाडा उरतो. तिथलं मांस परत येत नाही, जिवंत भाग वाचवायचा असतो. हा दुसरा प्रकार कडक कोरलात स्पष्ट दिसतो. झोआ, मशरूम (छत्रीसारखं चपटं मऊ कोरल), लेदर यांना तसा सांगाडा नाही, ते आकसतात किंवा चिकट होऊन विरघळतात.

कडक कोरलाचा विषय निघालाच आहे तर सांगते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळी कडक कोरलं येतात, काळं पोवळं येतं आणि समुद्रपंखेही येतात. मालवणच्या खडकांवरून फांदी तोडून आणणं हा गुन्हा आहे. "मेलेलीच होती" हे कारण चालत नाही. माझ्याकडे झोआ, मशरूम आणि लेदर एवढंच आहे, आणि त्यांचीच दुखणी पुरे आहेत.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ब्लीचिंग होतं ते बहुतेक दिव्यामुळे नाही, खोलीमुळे. टाकीवर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं हे खरं, पण कोकणच्या दमट हवेत ते पुण्याइतकं होत नाही. पाणी ३० च्या वर जाऊ लागलं तर दिव्याचा जोर कमी करा, तास कमी करा, आणि चिलर नाहीतर खोलीचा एसी याचा हिशोब मांडा. बर्फ ओतू नका, पाच मिनिटांत तापमान खाली आणि तासाभरात परत वर, हा हिसका उष्णतेइतकाच मारतो. कोमट पाण्यात प्राणवायूही कमी मावतो, म्हणून दुपारी वीज गेली की वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर आधी जोडा, दिवा मागाहून. कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातली गाळणी) तासन्‌तास थांबला असेल तर तसाच चालू करू नका, आतलं सडकं पाणी आधी ओतून टाका.

पावसाळ्यात वेगळी गंमत. खिडक्या बंद, घरात माणसं जास्त, मग खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो. पीएच वाढवणारी भुकटी घालण्याआधी एक खिडकी उघडून तासाभराने मोजा. हवा ओली असल्याने पाणी कमी उडतं, तेव्हा मे महिन्यातल्या सवयीने टॉप-अप घातलंत तर खारटपणा खाली येतो. जूनच्या आधी ग्रिलला ऑइलपेंट लावायची आपली पद्धत आहे, त्या दिवसांत टाकीत कार्बन ठेवा. डासांचा स्प्रे त्या खोलीत मारू नका, कोळंबीला तो विष आहे. आणि समुद्र दारात आहे म्हणून बंदरातलं पाणी भरून आणू नका. त्यात डिझेलचा तवंग असतो, आणि पावसात खाडीच्या तोंडाचं पाणी गोडसर, लाल मातीने गढूळ झालेलं असतं.

काही वेळा मात्र काहीच झालेलं नसतं. लेदर मधूनच मिटतं, त्यावर मेणचट चकचकीत पापुद्रा येतो, आणि आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त, ते तसंच राहतं. ते कात टाकतंय. प्रवाह जरा वाढवा म्हणजे पापुद्रा निघून जाईल. झोआ माना उंच करून ताणल्यात तर उजेड कमी आहे. मशरूम आकसून काचेला चिकटल्यासारखं झालंय तर जास्त आहे. लेदर आणि इतर कोरलं अगदी जवळ असतील तर लेदर पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांना छळतं, त्यावर अंतर आणि कार्बन.

एकाच जातीच्या झोआ मिटून राहिल्या तर रात्री दिवे गेल्यावर लाल प्रकाशाची टॉर्च घेऊन बसा. झोआ खाणारी नग्न गोगलगाय त्याच झोआचा रंग धारण करते, त्यामुळे दिवसा दिसत नाही. देठाशी पांढऱ्या अंड्यांची गुंडाळी दिसते का बघा. सनडायल नावाची चपटी, वर्तुळाकार गोगलगायही त्याच वाटेची. देठावर पिवळट पुटकुळ्या असतील तर झोआ पॉक्स. कीड सापडली तर दगड बाहेर काढून कोरल-डिपमध्ये (कीड काढायच्या औषधी पाण्यात) लेबलवर लिहिलं आहे तेवढाच वेळ ठेवा, आणि मग डिपच्या भांड्याचा तळ भिंगाने बघा. काय पडलंय त्यावरून निदान पक्कं होतं. अंडी डिपने मरत नाहीत, ती खरवडावी लागतात आणि काही दिवसांनी डिप पुन्हा द्यावं लागतं.

खरवडताना हातमोजे आणि चष्मा घालाच. झोआ आणि त्यांच्याच नात्यातल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. झोआचा दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, कोरडा घासू नका. ती वाफ घेतल्यामुळे अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. हाताला चीर असेल तर ते काम उद्यावर टाका.

कोरलवर तपकिरी जेलीसारखा थर आणि कुजका वास असेल तेव्हा मात्र वाट बघायची नाही. पंप थांबवा, थर नळीने ओढून बाहेर घ्या, ते कोरल वेगळ्या भांड्यात हलवा, सडका भाग निरोगी मांसाच्या आत जाऊन कापून टाका.

बाकी सगळ्या बाबतीत एका वेळी एकच गोष्ट बदला आणि थांबा. क्षारता दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका. फोटो नेहमी त्याच वेळी आणि पांढऱ्या प्रकाशात काढा, निळ्या दिव्याखाली मरणारं कोरलही चमकतं.

जे गेलं ते टाकीत सडू देऊ नका, लहान टाकीत एका रात्रीत अमोनिया चढतो. झोआचं असेल तर ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास बुडवून मग कचऱ्यात. समुद्रात किंवा खाडीत काहीही सोडू नका, टाकीचं पाणीसुद्धा न्हाणीघराच्या नाल्यातच ओता. माडाच्या आळ्यातही नको, माड खारं सोसतो म्हणून त्याला रोज पाजायचं नसतं.