चुकलं ते कबूल कसं करायचं

मृगाचा एक पाऊस पडतो, वावरात पेरणी उरकते आणि आठ-दहा दिवसांनी तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, मोकळे दिसतात. त्या दिवशी घराघरातून एकच वाक्य ऐकू येतं, "बियाणंच बोगस निघालं." कधी ते खरंही असतं. पण पुरेशी ओल नसताना केलेली घाई आणि फार खोल गेलेलं बी ही कारणंही नेहमीचीच आहेत. मराठवाड्यात सोयाबीन पेरणाऱ्या घरांना हा प्रसंग चांगला ओळखीचा आहे, म्हणून चूक कबूल करायची रीत त्याच्यावरच सांगतो.

आधी हे जड का जातं ते बघू. "मी विचार करून वागणारा माणूस आहे" आणि "मी घाई केली" या दोन गोष्टी मनात एकत्र नांदत नाहीत. एक बदलावी लागते, आणि मन सोपी तीच बदलतं: घाई झालीच नव्हती. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली या ओढाताणीचा सिद्धांत मांडला. १९५९ साली त्यानं आणि जेम्स कार्लस्मिथ या सहकाऱ्यानं विद्यार्थ्यांना तासभर अगदी कंटाळवाणं काम करायला लावलं आणि "काम मजेचं आहे" असं पुढच्याला सांगायला लावलं. त्यासाठी काहींना २० डॉलर दिले, काहींना फक्त १. नंतर विचारल्यावर १ डॉलरवाल्यांनाच ते काम जास्त बरं वाटलं होतं. २० डॉलरवाल्याकडे खोटं बोलण्याचं कारण होतं. १ डॉलरवाल्याकडे तेवढं कारण नव्हतं, म्हणून त्याचं मतच फिरलं. चूक नाकारणारा माणूस दरवेळी जाणूनबुजून खोटं बोलतो असं नाही. त्याला खरंच तसं वाटायला लागलेलं असतं.

दुसरं कारण असं की नकार लगेच सुखावतो. टायलर ओकिमोटो हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माफी मागायला नकार देणाऱ्यांना आपली ताकद वाढल्यासारखं वाटलं. त्यात आपल्याकडे पार आहे, भावकी आहे. चारचौघांत पड खाल्ली तर मान खाली जाईल ही भीती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिली पायरी बोलण्याची नाही, बघण्याची. तासात बसा आणि दोन बोटांनी माती हळूच बाजूला करा. बी किती खोल सापडतं ते पट्टीनं मोजा. सोयाबीन ३ ते ५ सेंटिमीटरवर हवं, त्याखालून कोंबाला वर येणं जड जातं. बी कोरडंठाक, जसंच्या तसं असेल तर ओल कमी पडली. फुगून कुजलेलं असेल तर पाणी साचलं का, बी आधीच कमजोर होतं का, हे तपासायचं. पिशवीतलं बी उरलं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट ओलं राहू द्या आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर बियाण्याकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. फारच कमी उगवले तर पिशवी, टॅग आणि पावती सांभाळून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. न केलेली चूक भांडण मिटवायला अंगावर घेऊ नका, आणि सालगड्याच्या अंगावर तर मुळीच ढकलू नका.

चूक आपलीच निघाली तर मग वाक्य. आपल्या भाषेत करणाऱ्याला लपवणं फार सोपं आहे: "पेरणी लवकर झाली", "बी खोल पडलं", "सांगायचं राहून गेलं". सगळं आपोआप घडल्यासारखं. "माझ्याकडून चूक झाली" हे त्याहून बरं, पण कोणती चूक ते त्यात कळत नाही. बिलाखाली छापलेल्या चू.भू.दे.घे. सारखं ते सगळ्यालाच लागू पडतं. वाक्यात "मी" हवा आणि नेमकं क्रियापद हवं: "तू थांब म्हणत होतास, मी ऐकलं नाही. एका पावसावर मी पेरलं." एवढंच. पुढे "पण" आला की आधीचं सगळं पुसलं जातं. ढग भरून आले होते, ट्रॅक्टर त्याच दिवशी मिळत होता, हे खरं असलं तरी समोरच्यानं विचारलं तरच सांगा.

बाप लेकाला "मला माफ कर" म्हणेल अशी अपेक्षा धरू नका. तशी रीत बहुतेक घरांत नाही, आणि तिची गरजही नाही. रॉय लेविकी हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा भाग तपासले. त्यात जबाबदारी घेणं सगळ्यात वजनदार ठरलं, त्याखालोखाल भरपाईची तयारी. क्षमा मागणं सगळ्यात हलकं. "तुझंच बरोबर होतं गड्या, घाई मी केली" एवढ्यानं काम होतं.

बहुतेक माणसं जागा चुकतात. पोराला पारावर चार जणांदेखत बोललात आणि रात्री जेवताना हळूच कबूल केलंत, तर ते अर्धंच झालं. आरोप जितक्या कानांनी ऐकला, तितक्याच कानांनी तो मागे घेतलेला ऐकायला हवा. दुकानदाराला बोगस म्हटलं असेल तर त्याच्या काउंटरवर जाऊन सांगा. चूक घरातच राहिली असेल तर मात्र घरातच बोला, गावभर करू नका.

बोलून झालं की गप्प राहा. समोरचा लगेच निवळत नाही. उलट आता बोलायला वाट मिळाली म्हणून मागच्या तीन वर्षांचं काढेल. तिथेच "मी कबूल केलं ना आता?" असं निघालं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याला बोलू द्या.

भरपाई आकड्यात सांगा. "बघू काहीतरी" चालत नाही. दोन एकर दुबार पेरायचे तर एकरी ३० किलोप्रमाणे ६० किलो बियाणं लागेल. ते कोणाच्या पैशातून आणि कोणत्या दिवशी येणार, हे त्याच बैठकीत ठरवा. पुढच्या हंगामासाठी सरळ बाजूंचा एक रिकामा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी आतलं पाणी पट्टीनं मोजून वहीत लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय तिफण बाहेर काढायची नाही, आणि ती वही ज्याचं ऐकलं नव्हतं त्याच्या हातात द्यायची.